स्टाइलशीट लिहूनही पानं ऐकत का नाहीत, आणि मराठी अक्षरं वरून का कापली जातात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट तुम्ही एकट्याने सांभाळता. साधारण २०० पानं आहेत आणि ती गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या कार्यकर्त्यांनी आपापल्या परीने बनवली आहेत. सगळ्या शीर्षकांचा रंग एकसारखा करायचा म्हणून तुम्ही एका तयार टेम्प्लेटमधून स्टाइलशीट, म्हणजे पानं कशी दिसावीत ते सांगणारी नियमांची फाइल, उचललीत आणि तिच्यात आपले नियम घातलेत. निम्म्या पानांवर ती लागली, निम्म्यांवर नाही. मग प्रत्येक ओळीला इम्पॉर्टंट, म्हणजे ‘हा नियम आधी माना’ असं सांगणारा शब्द, जोडलंत, तरीही काही शीर्षकं जुन्याच रंगात राहिली. वर आता मोबाइलवर पुस्तकांच्या नावांमधले रफार आणि वेलांट्या कापल्या जातायत. सगळं पाडून एखादं फ्रेमवर्क, म्हणजे तयार नियमांचा मोठा संच, घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

पाडू नका. २०० पानांचा मजकूर चांगला आहे, लोक तो वाचतात, दोष त्याच्यात नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी वेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे: पान कसं दिसावं हा निर्णय चुकीच्या जागी झाला. रंगाचा निर्णय प्रत्येक पानाच्या पोटात झाला, आणि ओळीच्या उंचीचा निर्णय रोमन लिपी समोर ठेवून टेम्प्लेट लिहिणाऱ्याने केला, तो तसाच तुमच्याकडे आला. हे दोन्ही निर्णय आपल्या एका फाइलीत आणायचे आणि मराठीसाठी नव्याने घ्यायचे, एवढंच काम आहे. फाइल दीडशे ओळींच्या पुढे जाणार नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पानं हाताने लिहिलेल्या एचटीएमएल फाइली आहेत असं धरून मी लिहितोय. ती वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत असतील तर तर्क तोच राहील, पण साफसफाई फाइलींऐवजी डेटाबेसमधल्या मजकुरात करावी लागेल आणि त्यासाठी जाणकार माणूस शेजारी असलेला बरा. वाचक कोणते फोन वापरतात यावरही थोडं ठरेल, ते पुढे सांगतो. गुणधर्मांची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. फाइलीत ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच लिहायची.

आता रंगाचं बघू. ब्राउझर एखादं शीर्षक रंगवायला घेतो तेव्हा त्याच्यासमोर एकाच गोष्टीबद्दल अनेक नियम असतात: त्याचे स्वतःचे, तुमच्या फाइलीतले, पानाच्या माथ्यावर लिहिलेले, आणि त्या शीर्षकाच्या टॅगमध्येच, म्हणजे त्याच्याभोवतीच्या कोनी कंसातल्या खुणेत, घुसवलेले. यातला कोणता मानायचा याची ठरलेली उतरंड आहे. स्टाइलशीट ज्या भाषेत लिहितात त्या सीएसएसच्या, म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्सच्या, नावातला पहिला शब्द तो हाच. आधी बघितलं जातं की नियम कोणाचा आहे (ब्राउझरचा, वाचकाचा की पान लिहिणाऱ्याचा) आणि त्याला इम्पॉर्टंट जोडलंय का. तिथे बरोबरी झाली तर टॅगमध्ये थेट लिहिलेली स्टाइल जिंकते. त्यानंतर सिलेक्टर, म्हणजे नियम कशाला लागतो ते सांगणारा भाग, किती नेमका आहे हे मोजतात: आयडी (पानातल्या एकाच गोष्टीचं नाव) सर्वांत भारी, त्याखाली क्लास (एका प्रकारच्या अनेक गोष्टींचं नाव), त्याखाली नुसतं टॅगचं नाव. ही बेरीज नसते. एका आयडीला दहा क्लास एकत्र येऊनही हरवू शकत नाहीत. इथेही बरोबरी झाली तर फाइलीत जो नियम नंतर येतो तो लागू होतो.

म्हणजे निम्म्या पानांवर तुमची फाइल लागली नाही याचं कारण सरळ आहे. त्या पानांत कोणीतरी शीर्षकाच्या टॅगमध्येच स्टाइल लिहून ठेवली आहे आणि ती तुमच्या फाइलीच्या वर बसते. इम्पॉर्टंट लावल्यावर यातली बरीचशी पानं वठणीवर आली असतील.

पण काही तरीही बदलली नाहीत, आणि तुमचा गोंधळ नेमका तिथे झालाय. ती पानं उघडून बघा. माझा अंदाज आहे की शीर्षकाच्या आत जुना फॉन्ट टॅग असेल आणि त्यावर रंग लिहिलेला असेल. तुम्ही रंग दिलात शीर्षकाला. आतल्या टॅगला तो वारशाने मिळतो. वारशाने आलेली किंमत थेट दिलेल्या किमतीपुढे कधीच टिकत नाही, मग वरच्या नियमाला इम्पॉर्टंट असो वा नसो. उतरंड एकाच घटकावरच्या नियमांची लागते, आणि इथे घटकच दोन आहेत. गंमत अशी की फॉन्ट टॅगवरचा तो रंग स्वतः फार दुबळा असतो. स्टाइलशीटमध्ये फॉन्ट टॅगलाच उद्देशून ‘रंग: वारशाने’, म्हणजे कलर: इनहेरिट, अशी एक साधी ओळ लिहिलीत तरी तो हटतो. साफसफाई पूर्ण होईपर्यंत ही ओळ तात्पुरती ठेवायला हरकत नाही.

अंदाजावर विसंबू नका, खात्री करून घ्या. संगणकावर त्या शीर्षकावर उजवी क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. उजवीकडे त्या घटकाला लागणारे सगळे नियम दिसतात आणि हरलेल्यांवर काट मारलेली असते. कम्प्युटेड नावाच्या भागात शेवटी ठरलेली किंमत आणि ती कुठून आली हे दिसतं. मी शिकवायला बसतो तेव्हा पहिला तास फक्त हे काट मारलेले नियम वाचण्यात घालवतो. नियम का हरला हे ज्याला वाचता येतं त्याला इम्पॉर्टंटची गरज क्वचितच पडते.

इम्पॉर्टंटबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण ते सगळीकडे लावल्याने तुमच्या वाचकांचं नुकसान होऊ शकतं. होकॉन विउम ली यांनी १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्न या संशोधन संस्थेत असताना ही कल्पना मांडली, बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून आली. पानाच्या रूपावर लेखक आणि वाचक दोघांचाही हक्क असावा हा विचार तेव्हापासून आहे. पहिल्या आवृत्तीत दोघांनीही इम्पॉर्टंट लावलं तर लेखक जिंकायचा. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे मुद्दाम उलटवलं गेलं आणि शेवटचा शब्द वाचकाला मिळाला. ज्याला कमी दिसतं, ज्याला मोठी अक्षरं किंवा वेगळे रंग लागतात, त्याच्या हातात हे हत्यार राहावं हा त्यामागचा हेतू. पण काही वाचक आपल्या सोयीसाठी ब्राउझरला जे साधन जोडतात ते इम्पॉर्टंटशिवाय साधे नियम पानात घालतं, आणि तुमच्या इम्पॉर्टंटपुढे ते नियम हरतात. वाचनालयाचे बरेच सभासद साठीच्या पुढचे असू शकतात. त्यांची वाट अडवू नये असं मला मनापासून वाटतं.

तर साफसफाईचा क्रम. आधी सगळ्या फोल्डरची प्रत काढून बाजूला ठेवा. मग सगळ्या फाइलींमध्ये एकदम शोधता येईल असा एडिटर घ्या, व्हीएस कोड फुकट आहे आणि पुरेसा आहे. टॅगमध्ये लिहिलेल्या स्टाइल शोधा, पण सगळ्या एका फटक्यात पुसू नका. आधी त्यांचे प्रकार बघा. साधारणतः २०० पानांत मिळून वीस-पंचवीसच प्रकार निघतात, तेच पुन्हापुन्हा कॉपी झालेले असतात. रंग, अक्षराचा आकार आणि फॉन्टचं नाव एवढंच सांगणाऱ्या स्टाइल निर्धास्त काढा. डिस्प्ले: नन, म्हणजे ‘हा भाग दाखवू नका’, दिसलं तर थांबा. एका संस्थेच्या पानांवर मी घाईने सगळ्या स्टाइल काढल्या आणि लपवून ठेवलेली जुनी कार्यकारिणी, फोन नंबरांसकट, पुन्हा पानावर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका माजी पदाधिकाऱ्याचा फोन आला. तेव्हापासून लपवलेला मजकूर मी आधी वाचतो, आणि नको असेल तर मजकूरच काढतो.

स्टाइल निघाल्या की पान उघडंबोडकं दिसेल, आणि खरी उणीव तेव्हा कळेल. कोणती गोष्ट काय आहे हे पानाला माहीतच नसतं. पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल अंक, सूचना, सगळं एकाच प्रकारच्या परिच्छेदात, फक्त रंगाने वेगळं केलेलं. म्हणून एका कागदावर यादी करा: आपल्या पानांवर कोणकोणत्या प्रकारच्या गोष्टी येतात? वाचनालयाच्या साइटवर आठ-दहाच निघतात. प्रत्येकीला एक क्लास द्या आणि क्लासचं नाव ती गोष्ट काय आहे यावरून ठेवा, ती कशी दिसते यावरून नाही. मी एका मासिकाच्या साइटवर महत्त्वाच्या सूचनांच्या क्लासला ‘लाल’ नाव दिलं होतं. पुढे संपादकांनी सूचना हिरव्या करायला सांगितल्या, आणि मग ‘लाल’ नावाचा नियम हिरवा रंग देत बसला. नंतर काम हाती घेणाऱ्या मुलीचा पूर्ण दिवस हे उलगडण्यात गेला. ‘सूचना’ नाव असतं तर हे घडलं नसतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मराठी माणसाला हा प्रश्न पडतोच: क्लासचं नाव देवनागरीत चालतं का? चालतं, नियमांत बसतं. तरी मी रोमन अक्षरंच वापरतो. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, एक अखंड चिन्ह म्हणूनही साठवता येतं आणि र अधिक नुक्ता असंही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, ब्राउझरला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात, आणि नियम का लागत नाही हे शोधताना माणूस रडकुंडीला येतो.

आता कापल्या जाणाऱ्या वेलांट्या. मराठी साइट बनवणाऱ्या प्रत्येकाने यासाठी जरा वेळ द्यावा असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

रोमन अक्षराला दोन मजले पुरतात: वर जाणारी दांडी, खाली उतरणारी शेपटी. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, त्यावर अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार किंवा एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं असतात. ‘सर्वांगीण’ मधलं ‘र्वां’ बघा, ‘दृष्टी’ मधली दोन्ही अक्षरं बघा. बहुतेक तयार टेम्प्लेटांत शीर्षकाची लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत ओळीची उंची, १.२ असते, बूटस्ट्रॅप या फ्रेमवर्कमध्येही तेवढीच आहे. इंग्रजी शीर्षकाला ती छान बसते. मराठी शीर्षक दोन ओळींत मोडलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतात.

पण नुसत्या कमी लाइन-हाइटने अक्षर कापलं जात नाही, ते फक्त शेजाऱ्याला धडकतं. कापलं जातं तेव्हा जोडीला दुसरं काहीतरी असतं, बहुधा ओव्हरफ्लो: हिडन, म्हणजे ‘चौकटीबाहेर जाईल ते लपवा’. लांब नाव एका ओळीत बसवून शेवटी तीन टिंबं दाखवायची तर हा गुणधर्म लावावा लागतो, आणि टेम्प्लेटांमधल्या कार्डांवर तो हटकून असतो. चौकटीची उंची १.२ इतकी कमी, चौकटीबाहेरचं ते कापायचं, मग रफार जाणारच. दुसरा संशयित म्हणजे पक्की ठरवलेली उंची: बटणाला हाइट ४० पिक्सेल, यादीतल्या ओळीला ३२. मोबाइलवर नाव दोन ओळींत गेलं की दुसरी ओळ चौकटीबाहेर पडते. इलाज असा: हाइटच्या जागी मिन-हाइट (किमान उंची) लिहा, वरखाली पॅडिंग (चौकटीच्या आतली मोकळी जागा) द्या, आणि ओव्हरफ्लो जिथे अगदी अटळ असेल तिथे लाइन-हाइट वाढवून वर थोडं पॅडिंगही ठेवा.

माझ्या सवयीचे आकडे सांगतो. चालू मजकुराला १.७, कधी १.८. शीर्षकांना १.४ च्या खाली मी जात नाही. हे फॉन्टवरही ठरतं, मुक्ता नावाच्या फॉन्टला थोडं कमी चालतं, उंच मात्रांच्या फॉन्टला जास्त लागतं. आकडा लिहिताना पुढे पीएक्स (पिक्सेल), एम (अक्षराच्या आकाराइतकं माप) किंवा टक्के लावू नका, नुसता १.७ लिहा. नुसता आकडा वारशाने जाताना गुणक म्हणून जातो आणि प्रत्येक घटक आपल्या अक्षराच्या आकाराने गुणून घेतो. टक्के लिहिले तर वरच्या घटकावर हिशोब होऊन तयार उत्तर खाली जातं, आणि मोठ्या शीर्षकाला लहान मजकुराची उंची मिळते. तुमच्या काही पानांवर नेमकं हेच झालं असण्याची दाट शक्यता आहे.

चाचणीला एक कठीण ओळ हाताशी ठेवा. मी ही वापरतो: ‘सर्वांगीण दृष्टीने ग्रंथांचा ऱ्हास आणि पुनर्मुद्रणे’. ही अरुंद पडद्यावर दोन-तीन ओळींत सुखरूप बसली तर सहसा बाकीचं बसतं.

टेम्प्लेटमधून आणखी एक गोष्ट येते: लेटर-स्पेसिंग. इंग्रजी शीर्षकं मोकळी दिसावीत म्हणून अक्षरांत फट देतात. मराठीत त्याने शिरोरेषाच तुटते, शब्द सुट्या मण्यांसारखा दिसतो. शून्य करून टाका. तसंच तिरकी अक्षरं. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांना खरं तिरकं रूप नसतं, ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकवतो. मराठी छपाईत जोर द्यायला ठळक अक्षर वापरायची रीत आहे, तीच पाळा: जोर दाखवणाऱ्या ‘एम’ नावाच्या टॅगला फॉन्ट-स्टाइल: नॉर्मल आणि वजन, म्हणजे अक्षराची जाडी, ६००. लिंकखालची रेघ उकारांना छेदते, तिला टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेटने ०.२ एम खाली सरकवा.

ओळीची रुंदी ठरवायला बरेच जण सीएच हे एकक वापरतात. ते रोमन शून्याच्या रुंदीवर बेतलेलं आहे, देवनागरीच्या अक्षराशी त्याचा संबंध नाही. मी एम हे माप वापरतो, लेखाच्या रकान्याला ३२ ते ३६. आणि मोबाइलवर दोन्ही कडा जुळवायच्या भानगडीत पडू नका. मराठी शब्द लांब, रकाना अरुंद, शब्दांच्या मधे मोकळ्या जागेच्या नद्या वाहतात. डावीकडून सुरू, उजवीकडे मोकळं.

अक्षराचा मूळ आकार: एचटीएमएल घटकाला काहीच देऊ नका आणि बॉडीला १.१२५ रेम (एचटीएमएल घटकाच्या अक्षराच्या आकाराची पट) द्या, म्हणजे साधारण १८ पिक्सेल. पिक्सेलमध्ये लिहिलं तर वाचकाने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये वाढवलेला मूळ आकार तुमचं पान मानत नाही. रेममध्ये लिहिलं तर मानतं.

यानंतरची गोष्ट एका शब्दाची, पण महत्त्वाची. प्रत्येक पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा लिहिलेली असते. टेम्प्लेटमधून उचललेल्या पानावर ती बहुधा इंग्रजी राहून जाते. ती मराठी करा, संकेत एम आर ही दोन रोमन अक्षरं. स्क्रीन रीडर, म्हणजे पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, कोणत्या आवाजात वाचायचं ते यावरून ठरवतो. शिवाय ल आणि श यांचं मराठी वळण हिंदी छपाईतल्या वळणापेक्षा वेगळं आहे. राज्य शासनाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श वापरण्याविषयी निर्णयही काढला. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि पानाची भाषा मराठी आहे हे कळलं तरच ते मराठी वळण देतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट तर मराठीसाठीच वेगळा काढलेला आहे, त्याचे हिंदी आणि संस्कृत भाऊ स्वतंत्र आहेत. वाचनालयाच्या लेखांना तो शोभेल. याद्या आणि बटणांना मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता साधा आणि स्वच्छ आहे. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. मुक्ताची सात वजनं आहेत. दोनच उतरवा, ४०० आणि ६००, गावातल्या नेटवर प्रत्येक फाइल जाणवते. फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप लावलंत तर फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर वाचता येतो.

फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून त्याचा युनिकोड पट्टा हाताने लिहिणार असाल तर देवनागरीच्या ०९०० ते ०९७एफ या पट्ट्यासोबत २००सी आणि २००डी ही दोन अदृश्य चिन्हंही लिहा (पहिलं अक्षरं सुटी ठेवतं, दुसरं जोडतं), रुपयाचं चिन्हही. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र बऱ्याच जुन्या मजकुरात यातल्या जोडणाऱ्या चिन्हाने लिहिलेला असतो. ते सुटलं तर जोडणी मोडायचा धोका असतो.

क्रमांकित याद्यांत १, २, ३ मराठी आकड्यांत हवे असतील तर हाताने टाइप करू नका. लिस्ट-स्टाइल-टाइपला देवनागरी अशी किंमत आहे. मधे एक पुस्तक घातलं की पुढचे आकडे आपोआप सरकतात. तुमच्या ग्रंथयाद्यांना याचा सर्वांत जास्त उपयोग होईल.

इथवर सांगितलेले सगळे मराठीचे नियम मी फाइलीत भाषेच्या सिलेक्टरखाली ठेवतो, म्हणजे ‘लँग एम आर’ असलेल्या भागाला १.७, आणि पानात मधे एखादा इंग्रजी उतारा असेल तर त्याला १.५. इंग्रजी उताऱ्याच्या टॅगवर त्याची भाषा मात्र लिहावी लागते.

रंग फाइलीच्या सुरुवातीलाच चलांमध्ये, म्हणजे कस्टम प्रॉपर्टीजमध्ये, एकदाच लिहा: मुख्य रंग, मजकुराचा रंग, पार्श्वभूमी. पुढे सगळीकडे चलाचं नाव. वर्धापनदिनाला रंग बदलायचा झाला तर एक ओळ बदलेल. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका फरक ठेवा, इन्स्पेक्टमध्ये रंगावर क्लिक केलं की तो आकडा दिसतो. पांढऱ्यावर भगवा किंवा हळदी मजकूर त्यात बसत नाही. तो रंग पट्टीला, कडेला द्या, अक्षरांना नको.

कोणीतरी तुम्हाला लेयर वापरायला सांगेल. ही सोय चांगली आहे, नियमांचे थर पाडून उतरंड स्वतः ठरवता येते आणि इम्पॉर्टंटचा मोह संपतो. पण प्रमुख ब्राउझरांत ती २०२२ साली आली. त्याआधीचा ब्राउझर तो शब्द ओळखत नाही आणि थरातले सगळे नियम वगळून टाकतो, म्हणजे पान पूर्ण उघडं. चलांची सोय त्याच्या किमान चार-पाच वर्षं आधीची, म्हणून ती निर्धास्त वापरा. तुमच्या सभासदांच्या हातात घरच्यांनी वापरून दिलेले जुने फोन असतील तर लेयर सध्या नको. साइटची भेटींची नोंद पाहून हे ठरवता येईल.

फाइल बदलूनही पान जुनंच दिसलं तर घाबरून पुन्हा इम्पॉर्टंट लावू नका. ब्राउझरने जुनी प्रत साठवून ठेवलेली असते. पानात स्टाइलशीट जोडणाऱ्या ओळीत फाइलीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आणि आवृत्तीचा आकडा लिहा आणि प्रत्येक बदलाला तो वाढवा.

छपाईसाठी मीडिया प्रिंट या फक्त छापताना लागणाऱ्या भागाखाली पाच-सहा ओळी पुरतात: मेनू आणि बटणं लपवा, पार्श्वभूमी पांढरी, आणि पुस्तकाच्या नोंदीला ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड, म्हणजे नाव एका कागदावर आणि लेखक दुसऱ्यावर असं होत नाही. सूचनाफलकावर नव्या पुस्तकांची यादी लावायची तर हीच पानं छापता येतील, वर्ड फाइल वेगळी करावी लागणार नाही.

राहिला फ्रेमवर्कचा प्रश्न. नुसती वाचायची पानं असतील तर मी घेणार नाही. लेख, याद्या, सूचना, दोन तक्ते, एवढ्यासाठी स्वतःची छोटी फाइल समजायला आणि पुढच्या माणसाच्या हाती द्यायला सोपी. पुढे पुस्तक शोधण्याची खिडकी, सभासद नोंदणीचे अर्ज, देवघेवीचे तक्ते यायचे असतील तर बूटस्ट्रॅपसारखी गोष्ट बराच वेळ वाचवते, अर्जांची मांडणी हाताने करणं कंटाळवाणं असतं. मात्र तेव्हा त्यांची फाइल आधी जोडा, तुमची तिच्यानंतर, आणि तुमच्या फाइलीत सर्वांत वर शीर्षकं, बटणं, अर्जातल्या चौकटी आणि कार्डं यांची लाइन-हाइट, उंची आणि लेटर-स्पेसिंग मराठीसाठी नव्याने लिहा. त्यांची फाइल उघडून तिच्यात बदल करू नका, नवी आवृत्ती आली की तुमचे बदल पुसले जातात.

सुरुवात एकाच पानापासून करा, सर्वांत गचाळ आणि सर्वांत लांब ग्रंथयादीचं पान निवडा. ते साफ करा, क्लास द्या, वरची कठीण ओळ शीर्षकात टाकून तुमच्या आणि वाचनालयात बसणाऱ्या दोन-तीन सभासदांच्या फोनवर बघा. आकडे तिथे ठरतील. ते ठरेपर्यंत बाकीच्या १९९ पानांना हात लावू नका. मग रोज दहा-पंधरा पानं घेतलीत तरी दोन-तीन आठवड्यांत सगळी होतील, आणि प्रत्येक पान झालं की त्याच्यावर लागणारे इम्पॉर्टंट काढत जा. एखादं काढल्यावर काही बिघडलं तर ते पान आणि तिथले काट मारलेले नियम इथे लिहून पाठवा, आपण ते पान धरून बघू.